दवाखाना पूर्ण होईपर्यंत

माझ्या बायकोने हातात घेतलेलं शेवटचं काम म्हणजे एका दंतवैद्याचा दवाखाना. आपलं शेवटचं काम कोणतं असावं हे माणसाच्या हातात नसतं, नाहीतर तिने निदान एखादं वाचनालय निवडलं असतं.

न बांधलेल्या इमारती बांधल्यासारख्या दाखवणं हा तिचा व्यवसाय. आर्किटेक्ट लोक तिला नकाशे पाठवत. ती घरच्या कॉम्प्युटरवर त्यांच्या भिंती उभ्या करी, फरशी घाली, खिडकीतून ऊन सोडी, आणि मग एक छोटी फिल्म बनवी. फिल्ममध्ये आपण दारातून आत जातो, इकडेतिकडे बघतो, आणि बाहेर येईपर्यंत मालकाला वाटायला लागतं की आपण पैसे योग्य ठिकाणी घालतोय. फिल्मचं प्रत्येक चित्र कॉम्प्युटरला एकेक करून रंगवावं लागतं. याला रेंडर म्हणतात. एका चित्राला एक चहा पिऊन होतो, आणि तीन मिनिटांच्या फिल्ममध्ये अशी काही हजार चित्रं असतात. तिने रेंडर सुरू केला, त्याच आठवड्यात ती हॉस्पिटलात गेली आणि परत आली नाही. मधे कधीतरी वीज गेली आणि दवाखाना अर्धवट राहिला.

त्यानंतरच्या काळाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. दाढ काढल्यावर अर्धा ओठ आपला नसतो. चहा हनुवटीवरून गळतो, शर्टाला कळतं, आपल्याला कळत नाही. तसा मी हिंडत होतो. ऑफिसात याला धीर म्हणतात. “साहेबांनी फार धीराने घेतलं,” असं माझ्यासमोरच लोक एकमेकांना सांगत, आणि मी धीराने ऐकून घेई.

घरात मी आणि सासूबाई उरलो. त्या हॉस्पिटलच्या धावपळीत मदतीला आल्या होत्या आणि राहिल्या. सासू आणि जावई यांना जोडणारं माणूसच मधून निघून गेल्यावर या नात्याचं काय करायचं, याबद्दल कुठेच काही लिहिलेलं नाही. आम्हीही विषय काढला नाही. त्या भाजी टाकत, मी कुकर लावी. त्या मला जावईबापू म्हणत, मी त्यांना आई म्हणे, आणि खिडकी उघडी ठेवायची की बंद यावर आमचं रोज थोडं वाजे. पूर्वी हा वाद मुलीच्या मार्फत चाले. आता थेट होऊ लागला होता.

सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. बाहेरगावचे फोन माणसांनी जोडून द्यायच्या काळातल्या. कानावर हेडफोन, समोर भोकांची भिंत, हातात वायरी. तीन मिनिटं झाली की लाइनवर जाऊन सांगायचं, “तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?” नाही म्हटलं की वायर ओढायची. “नव्याने लग्न झालेल्यांना मी न विचारताच वाढवून द्यायची,” त्या सांगत. “नवऱ्याला शोभत नाही ना, बायकोसमोर नाही म्हणायला.”

“तुम्हाला कसं कळायचं, नवीन लग्न झालंय ते?”

“काहीच बोलायचे नाहीत. जुने असले की कांद्याचा भाव विचारायचे.”

त्यांना एक मुलगाही आहे. माझा मेहुणा. तो दुसऱ्या शहरात असतो आणि कंपन्यांमधल्या लोकांना वेळेचं नियोजन शिकवतो. दर रविवारी सकाळी ठरलेल्या वेळी त्याचा फोन येई, आणि ठरलेल्या वेळी संपे.

“भावोजी, आईची खोली तयार आहे,” तो म्हणाला. “एकदम स्वतंत्र. ट्रेडमिल तेवढी तिथे आहे, पण ती घडी होते.”

सासूबाई शेजारीच वाटाणे सोलत होत्या. फोन स्पीकरवर होता. “मी पण घडी होते म्हणावं,” त्या म्हणाल्या.

“आई, हसण्यावारी नको नेऊस. भावोजींना किती दिवस त्रास द्यायचा? त्यांचं त्यांना आयुष्य आहे.”

ही माहिती मला नवीन होती.

सासूबाईंनी दोन शेंगा सोलल्या. मग म्हणाल्या, “टिटवीचं ते पिक्चर तेवढं पूर्ण होऊ दे. ते बघते आणि येते.”

टिटवी म्हणजे माझी बायको. लहानपणी तोंडाला विसावा नव्हता म्हणून पडलेलं नाव. मोठेपणीही नव्हता. म्हणूनच घरात आता जो आवाज नव्हता तो फार मोठा होता.

“किती वेळ लागेल त्याला?” मेहुण्याने मला विचारलं. “एक तारीख ठरवू या. तारीख नसली की काम फुगतं.”

मी बघून सांगतो म्हणालो. अशा रीतीने ठरलं: दवाखाना पूर्ण झाला की सासूबाई जाणार. त्यांची बॅग त्याच दिवशी पॅसेजमध्ये येऊन बसली.

आत जाऊन मी कॉम्प्युटर चालू केला, तिची फाइल उघडली आणि राहिलेली चित्रं रंगवायला लावली. पडद्याच्या कोपऱ्यात ‘उरलेला वेळ’ असा एक आकडा येतो. तो बघून मला पहिल्यांदा जरा अवघडल्यासारखं झालं. कॉम्प्युटर जुना होता. या वेगाने म्हाताऱ्या बाईला कित्येक आठवडे माझ्या घरात बॅग भरून बसावं लागणार होतं, तेही एका दंतवैद्यापायी. त्या भिडस्तपणे काही बोलणार नाहीत. स्वतःचा मुलगा, स्वतंत्र खोली, घडी होणारी ट्रेडमिल सगळं वाट बघतंय, आणि इथे ही माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजत बसलीय. हे बरं दिसत नव्हतं. मी ठरवलं, वेग वाढवायचा.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी लिफ्ट तपासतो. लिफ्टमध्ये ‘क्षमता : आठ व्यक्ती’ अशी पाटी असते, तिच्यावर मनापासून विश्वास ठेवणारा शहरातला बहुधा मी एकटाच. वजनांच्या पेट्या ठेवून मी लिफ्ट वरखाली करतो, ब्रेक बघतो, दोर बघतो, आणि पाटीवरच्या आकड्यापेक्षा एक माणूस जास्त चढला तरी सोसायटीला नोटीस धाडतो.

प्रोसेसरवरही अशीच एक पाटी असते. कारखान्यातून निघताना त्याला एक वेग नेमून दिलेला असतो. तो काही त्याचा सगळा जोर नसतो. तो बिनघोर जोर असतो. वर थोडी जागा कारखान्याने राखून ठेवलेली असते. ती राखीव जागा काढून वापरणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. लिफ्टच्या भाषेत सांगायचं तर आठ जणांच्या लिफ्टमध्ये दहा कोंबायचे आणि मोटारीवर टेबलफॅन लावायचा. दिवसभर मी हे करणाऱ्यांच्या मागे लागत असे, आणि संध्याकाळी जेवणाआधी त्याचेच धडे वाचत असे.

नवशिक्यांसाठी इंटरनेटवर भरपूर लेख आहेत. सगळे एकाच वाक्याने सुरू होतात: जे कराल ते स्वतःच्या जबाबदारीवर करा. हे वाक्य हॉस्पिटलच्या कागदावरही होतं आणि त्याखाली मी सही केली होती, त्यामुळे सवय होती. पुढे लिहिलेलं असतं की एकाच साच्यातल्या दोन चिप सारख्या नसतात. एक पळते, एक दमते. का, ते कुणालाच माहीत नाही. मोठ्या डॉक्टरांनीही साधारण हेच सांगितलं होतं, फक्त जास्त वेळ घेऊन.

बाकी पद्धत सोपी होती, आणि माझ्यासारख्या माणसाला आवडावी अशी. कॉम्प्युटर सुरू होतानाच एक बटण दाबत राहायचं, म्हणजे त्याच्या पोटातली निळीकाळी पाटी उघडते. तिला बायोस म्हणतात. तिथे एक आकडा असतो, गुणक. तो एकाने वाढवायचा. बाहेर यायचं, कॉम्प्युटरला मुद्दाम घाम फोडणारी एक चाचणी लावायची, आणि तापमान बघत बसायचं. टिकला तर पुन्हा एकाने वाढवायचा. नाही टिकला तर थोडं व्होल्टेज वाढवायचं आणि पुन्हा चाचणी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा मुख्य नियम. नवशिके एकदम चार गोष्टी बदलतात आणि मग बिघडलं का ते त्यांना कळत नाही. मला हा नियम पटला. माझ्या आयुष्यात सगळ्या गोष्टी एकदम बदलल्या होत्या आणि मलाही काही कळत नव्हतं.

एका रविवारी मी मोठा कूलर आणून बसवला. म्हणजे प्रोसेसरच्या डोक्यावर ठेवायचा पत्र्यांचा गठ्ठा आणि त्याला पंखा. मधे वाटाण्याएवढी पेस्ट लावायची असते, म्हणजे उष्णता नीट वर चढते. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

“टूथपेस्ट?”

“नाही आई. उष्णतेची पेस्ट.”

“दंतवैद्याचंच काम आहे, म्हणून विचारलं.”

दोनदा पडदा निळा होऊन कॉम्प्युटर झोपला. मी गुणक एक पायरी खाली आणला, व्होल्टेज किंचित वाढवलं, आणि मग तो टिकला. पाटीवरच्या आकड्याच्या बराच वर, आणि टिकला. पुढच्या शनिवार-रविवारच्या चाचणीत त्याने हू की चू केलं नाही. चांगली चिप निघाली. बायकोच्या सगळ्या वस्तूंमध्ये हे होतं, दिसायला साध्या आणि आतून दणकट. ‘उरलेला वेळ’ झपकन खाली आला. सोमवारी सकाळी मी रेंडर लावला आणि डबा घेऊन ऑफिसला गेलो.

संध्याकाळी येऊन बघतो तर कॉम्प्युटर बंद.

चालू केल्यावर त्याने सांगितलं की मागच्या वेळी तो अनपेक्षितपणे बंद झाला. का, हे तो सांगत नाही. जी चित्रं झाली होती ती शाबूत होती. ज्या चित्रावर काम चालू होतं ते आणि दुपार, एवढं वाया गेलं होतं. मंगळवारी तेच. बुधवारी तेच.

मी तपासनीस आहे. पुराव्यावर जातो. पुरावा असा होता की मी घरात असताना मशीन स्थिर असे आणि दुपारी ढासळे. मी निष्कर्ष काढला की दुपारी खोली तापते. खिडकीला जाड पडदा लावला. तरी बंद. मी कॉम्प्युटरच्या डब्याचा एका बाजूचा पत्रा काढून ठेवला, शेजारी टेबलफॅन लावला. तरी बंद. मग मला वाटलं, दुपारी विजेचा दाब कमीजास्त होत असेल. मी व्होल्टेज टीचभर वाढवलं. मग गुणक एक पायरी उतरवला. मग व्होल्टेज परत खाली आणलं. एका वेळी एकच गोष्ट. शनिवार-रविवारी मशीन घड्याळासारखं चाले आणि माझी उमेद वाढवी, आणि सोमवारी दुपारी पुन्हा मान टाकी. इंटरनेटवर मी माझी अडचण लिहिली. तिथल्या जाणकारांनी मला मेमरीपासून वायरिंगपर्यंत सगळ्यावर संशय घ्यायला लावला. एकाने विचारलं, घरात कुणी आहे का? मी लिहिलं, फक्त सासूबाई. त्याने हसरा चेहरा पाठवला. मला वाटलं, थट्टा करतोय.

“आज पण?” सासूबाई चहा पुढे करत विचारत.

“आज पण.”

“फार ताण देऊ नका हो त्याला. केवढ्या धापा टाकतो.”

“तो पंखा आहे, आई. गरम हवा बाहेर टाकतो.”

“तेच म्हणतेय. धाप म्हणजे दुसरं काय असतं?”

मधे एकदा दंतवैद्याला फोन करून मी उशिराबद्दल माफी मागितली. माणूस सज्जन. “अजिबात घाई करू नका,” तो म्हणाला. “तशाही आम्ही भिंती बांधून टाकल्यात. पुढच्या महिन्यात सुरूच करतोय.” मग त्याला वाटलं असावं की हे बरं वाटणार नाही, म्हणून म्हणाला, “फिल्म मात्र जरूर पाठवा. बघायला आवडेल, कसा झालाय ते.”

म्हणजे ती फिल्म आता कुणालाच नको होती. एका परीने काम सोपं झालं. ती फक्त पूर्ण व्हायची होती.

दंतवैद्याने आम्हा दोघांना दात दाखवायलाही बोलावलं होतं. सासूबाईंची एक दाढ बरेच दिवस कुरकुरत होती. मी म्हटलं, जाऊन येऊ या.

“पिक्चर पूर्ण झाल्याशिवाय नको,” त्या म्हणाल्या. “आधीच शेवट कळेल.”

एका रविवारी, मेहुण्याचा फोन होऊन गेल्यावर, मी त्यांना झालेला भाग दाखवला. काचेचं दार सरकतं. पिवळसर उजेडातलं टेबल येतं, त्यावर फुलदाणी. मग प्रतीक्षागृह. आठ खुर्च्या, त्यातल्या एकीवर पांढऱ्या केसांची बाई मासिक वाचत बसलेली. ऊन तिच्या पायांपर्यंत आलेलं. मग कॅमेरा वळून बोळात शिरतो, टोकाला एक अर्धवट उघडं दार दिसतं, आणि तिथे काळा पडदा. पुढचं व्हायचं होतं.

“मागे घ्या,” सासूबाई म्हणाल्या. मी मागे घेतलं. त्या पुढे वाकल्या. “ही कोण?”

“कुणी नाही. ही माणसं तयार मिळतात, आई. झाडं, खुर्च्या, माणसं. नेऊन ठेवायची फक्त. खोली केवढी आहे याचा अंदाज येतो.”

“मला वाटलं, मला बसवलंय.”

“नाही.”

“हो, माझे केस एवढे नाहीत.” त्यांनी चष्मा पुसला. “बराच वेळ बसलेली दिसतेय. हिला आत कधी बोलावतात?”

“तिला बोलावत नाहीत. ती तिथेच असते.”

“बरंय,” सासूबाई म्हणाल्या. मी दाखवायला घेतलं होतं ते त्यांचं मन रमावं म्हणून. रमलं की नाही ते कळलं नाही. माझ्याकडे त्या काळात असलं काही मोजायचं साधन नव्हतं. त्या उठल्या, पॅसेजमध्ये गेल्या, बॅगेतून शाल काढली, अंगावर घेतली. बॅग भरलेली असली तरी त्या रोज तिच्यातूनच वस्तू काढत आणि तिच्यातच ठेवत. कपाट शेजारीच रिकामं होतं.

पुढच्या फोनला मेहुण्याने तारीख मागितली.

“भावोजी, मी टेक्निकल माणूस नाही. पण एखादं काम रोज त्याच जागी अडत असेल, तर अडचण कामात नसते. माणसात असते. मी हे शिकवतो.”

“इथे माणूस नाहीये,” मी म्हणालो. “प्रोसेसर आहे.”

“महिनाअखेर मी गाडी घेऊन येतो. झालं असेल तर आई बघून निघेल, नसेल तर तुम्ही नंतर पाठवा. फोनवर बघेल ती.”

सासूबाई धुतलेले कपडे झटकत होत्या. एकच टॉवेल त्यांनी बराच वेळ झटकला.

मला सरळ दिसत होतं की बाईंना मुलीचं शेवटचं काम मोबाइलच्या चार बोटांच्या पडद्यावर बघावं लागणार, तेही ट्रेडमिलवर बसून. मी गुणक पुन्हा वर नेला. दुकानातून आणखी एक पंखा आणला. आता मशीन चालू असताना खोलीत बोलायचं तर आवाज चढवावा लागे. सोमवारी रेंडर लावून मी निघालो.

त्या दिवशी दुपारी एका सोसायटीची लिफ्ट तपासायची होती. वजनाच्या पेट्या चढवायला येणारे लोक आलेच नाहीत, आणि सेक्रेटरीने मला सुचवलं की पेट्यांऐवजी सोसायटीच्या सभासदांनाच आत उभं करू या, नाहीतरी बैठकीसाठी जमलेतच. मी नाही म्हणालो आणि घरी आलो.

दार मी हळू उघडतो, दुपारी त्यांचा डोळा लागलेला असतो म्हणून. पण आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि पंख्यांची घरघर चालू होती. पॅसेजमधून बघितलं तर सासूबाई बायकोच्या खुर्चीवर बसल्या होत्या. हात मांडीवर, चेहरा पडद्याकडे. पडद्यावर नवं चित्र तुकड्या-तुकड्यांनी उमटत होतं. बोळातलं ते दार आता बरंच उघडलं होतं आणि आतल्या खुर्चीचा कोपरा दिसायला लागला होता. त्या बघत राहिल्या. चित्र पुरं झालं. पुढचं सुरू झालं.

मग त्या उठल्या. गुडघ्यावर एक हात ठेवून टेबलाखाली वाकल्या आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. घरघर उतरत उतरत थांबली. पडदा काळा झाला. बाहेर कुणीतरी बादली सरकवत होतं तेवढा आवाज.

“दिलं गं वाढवून,” त्या काळ्या पडद्याला म्हणाल्या. अगदी कामाच्या आवाजात, एक्स्चेंजमध्ये बोलत असतील तशा. मग परत खुर्चीत बसल्या.

मी बूट हातात घेऊन मागच्या मागे बाहेर पडलो. जिन्यात बसून बूट घातले. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

फिल्म संपेल त्या दिवशी त्यांना जायचं होतं, आणि त्या फिल्म संपू देत नव्हत्या. एवढं समजायला तपासनीस लागत नाही. किंबहुना तपासनीस असल्यानेच मला ते समजलं नव्हतं. मी पडदे लावले, पंखे लावले, चिपच्या अंगात वीज ओतली, आणि त्या बाईला मोकळं करण्यासाठी जिवाचा आटापिटा केला. आणि ती बिचारी रोज दुपारी गुडघा धरून वाकत होती. मला पत्ता लागू नये म्हणून शनिवार-रविवारी सुट्टी घेत होती.

कोपऱ्यावरच्या बागेत बाकावर बसून मी माझ्या वाट्याचा विचार केला. त्या गेल्या तर काय होईल, ते क्रमाने मनात मांडून बघितलं, जसं लिफ्टचं बघतो. कुकर लावायचा की नाही हा प्रश्न येईल. खिडकी मला हवी तशी ठेवता येईल. चहा एक कप. इथे मी थांबलो. काही वाटलं असं म्हणता येणार नाही. पण दाढ काढल्यावर संध्याकाळी ओठात जी बारीक मुंगी येते, तसं काहीतरी त्या एका कपाशी आलं आणि गेलं.

नेहमीच्या वेळी घरी आलो. त्यांनी चहा ठेवला.

“आज पण?” त्यांनी विचारलं.

मी आत जाऊन बघून आल्यासारखं केलं. “आज पण,” म्हणालो.

“कंटाळला असाल.”

“नाही,” मी म्हणालो. “मला वाटतं मीच चुकत होतो. वेग वाढवून उपयोग नाही. मशीन जुनं आहे. उलट्या बाजूने बघायला हवं.”

बशीत चहा ओतून त्यांनी फुंकर घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, डबा भरायच्या आधी, मी बायोस उघडला. नवशिक्यांच्या एकाही लेखात हे लिहिलेलं नाही, पण ज्या बटणाने गुणक वर जातो त्याच्याच शेजारच्या बटणाने तो खाली येतो. मी तो कारखान्याच्या आकड्यावर आणला. मग त्याच्याही खाली. एकेक पायरी, नियमाप्रमाणे. पुढे तो आकडा खाली जाईना, तिथे सोडला. व्होल्टेज उतरवलं. जादा पंखा काढला. इतक्या खाली तापमान म्हणजे फक्त खोलीचंच तापमान होतं. क्षमता आठ व्यक्ती, आत एक.

रेंडर लावला. ‘उरलेला वेळ’ बराच वेळ हिशेब करत राहिला आणि मग असा आकडा दाखवू लागला, की तो पडद्याच्या त्या छोट्या चौकटीत पूर्ण मावेना.

सासूबाई भाजीचा डबा घेऊन दारात आल्या. त्यांनी कान दिला.

“आवाज नाही येत याचा. चालू आहे ना?”

“चालू आहे.”

त्यांनी पुढे येऊन कॉम्प्युटरच्या पत्र्यावर हात ठेवला. तापात मुलांच्या कपाळावर ठेवतात तसा, उलटा. “गार आहे.”

“आता गारच राहील. दुपारी बंद पडायचं कारण नाही.” मी मोजे घालत होतो. वर बघितलं नाही. “फक्त वेळ लागेल.”

“किती?”

“नीट सांगत नाही तो. पण बराच.”

त्या उभ्या राहिल्या. पडद्यावर दवाखान्याच्या खुर्चीची कड एका कोपऱ्यातून रंगायला लागली होती, दोन बोटं झाली होती. त्यांनी टेबलाखाली भिंतीवरच्या बटणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी बुटाची नाडी बांधत होतो. ती चांगली दोनदा बांधली.

“मग असू दे,” त्या म्हणाल्या. “घाई कुणाला आहे.”

रविवारी मेहुण्याचा फोन ठरलेल्या वेळी आला. गाडीची सर्व्हिसिंग करून ठेवली होती.

“काय झालं भावोजी? वेग वाढवणार होतात ना?”

“वाढवला होता. स्थिर राहिला नाही. कमी करावा लागला.” तपासणीच्या अहवालात असतं तसं बोललो. एकही शब्द खोटा नव्हता.

“मग आता अंदाजे?”

मी अंदाजे सांगितलं. वेळेचं नियोजन शिकवणाऱ्या माणसाला अशी तारीख ऐकायची सवय नसते.

“एवढा? मग मी येतो आणि घेऊन जातो आईला. ठरलंय आपलं. काय आई? बघशील नंतर फोनवर.”

सासूबाई मागे कपाटासमोर उभ्या होत्या. पॅसेजमधला केर काढताना बॅग मधे येते अशी त्यांची तक्रार होती, म्हणून बॅग सकाळपासून खाटेखाली होती आणि तिच्यातल्या काही गोष्टी कपाटात.

“दवाखाना अर्धा टाकून?” त्या तिथूनच म्हणाल्या. “ती बाई बसलीय ना अजून बाहेर. तिचा नंबर येऊ दे.”

“कोण बाई?” मेहुण्याने मला विचारलं.

“आहे एक,” मी म्हणालो.

तो ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलला. शेवटी म्हणाला, ट्रेडमिल तूर्त उघडीच ठेवतो. फोन ठेवल्यावर सासूबाई येऊन खिडकी बंद करायला लागल्या. मी म्हटलं, राहू द्या, हवा येऊ दे. त्या म्हणाल्या, धूळ बसते त्याच्यावर. मग त्यावर आमचं थोडं वाजलं.